शिंजीर : फुलांचा ऋणको

अंगणातल्या जास्वंदीवर इवलासा, काळाजांभळा झळाळता पक्षी दिसला की धाराशिवला आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास म्हणतात, "अहो, हमिंगबर्ड!" तो नव्हे. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आढळतो आणि हवेत तरंगतच मध पितो. हा आपला जांभळा शिंजीर. क्षणभर तरंगतो, पण बहुधा फांदीवर बसूनच पितो. दोघांची कुळे वेगळी. फुलातल्या मधाने चोची तेवढ्या सारख्या घडवल्या.

जास्वंदीच्या बुडाला भोक पाडून हा चक्क चोरी करतो. मात्र फाल्गुनात पळस फुलला की तिथे व्यवहार चोख! मध घ्यायचा आणि अंगाला चिकटलेले पराग पुढच्या झाडावर पोचवायचे. बँकेत उभी हयात गेली, पण असा बिनतारणाचा ऋणको विरळाच. पळस तोडला, की दोघांचेही खाते बंद.

घरटे मादी एकटीच बांधते, कोळ्याच्या जाळ्याने काड्या-साली सांधून. तारेवर लोंबणारा कचराच वाटतो तो. पाडव्याच्या साफसफाईत असा पुंजका दिसला, तर कुंचा जरा आवरा. आत दोन अंडी असतील.