रोहित्र व वितरण फलक : सुरक्षित जोडणी

उच्च दाबाची वीज रोहित्राने (ट्रान्सफॉर्मरने) 433 व्होल्टपर्यंत उतरवून ती एकाहून अधिक वितरण फलकांत वाटून देण्याची व्यवस्था. पालघर जिल्ह्यातील (1 ऑगस्ट 2014 पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत वस्ती पाडोपाडी विखुरलेली आहे. तेथील एखाद्या आश्रमशाळेच्या आवारात शाळा, वसतिगृह, स्वयंपाकघर व पाण्याचा पंप यांना एकाच रोहित्रावरून वीज द्यावयाची झाल्यास हा प्रश्न उद्भवतो.

100 किलोव्होल्ट-अँपिअरचे त्रिकला रोहित्र 433 व्होल्टला प्रत्येक कलेत सु. 133 अँपिअर देऊ शकते. रोहित्रापासून निघालेली मुख्य केबल प्रथम मुख्य मंडल खंडकास (सर्किट ब्रेकरला) व तेथून वाहक पट्ट्यांना जोडतात. पट्ट्यांवरून प्रत्येक फलकासाठी स्वतंत्र केबल निघते व तिच्या आरंभीच स्वतंत्र खंडक वा वितळतार बसवितात. खर्च वाचविण्यासाठी नेमकी हीच गोष्ट गाळली जाण्याचा धोका असतो. मुख्य खंडक रोहित्राचे रक्षण करतो, पुढील बारीक केबलीचे नव्हे. 60 अँपिअर क्षमतेच्या केबलीतून 100 अँपिअर वाहत राहिले, तरी 125 अँपिअरचा मुख्य खंडक तुटत नाही. केबलीचे निरोधन मात्र करपते. याउलट मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) झाल्यास 4.5 टक्के संरोध असलेल्या या रोहित्रातून क्षणभर सु. 3,000 अँपिअर प्रवाह येऊ शकतो. तो तोडण्याची क्षमता प्रत्येक खंडकात असावी लागते, आणि दोषस्थळाजवळचा खंडक आधी तुटावा अशी त्यांची निवड करतात.

रोहित्राचा उदासीन बिंदू दोन स्वतंत्र विद्युत् अग्रांनी जमिनीशी जोडतात. उदासीन तारेत वितळतार कधीही घालत नाहीत, कारण ती तुटल्यास 230 व्होल्टच्या उपकरणांवर 400 व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. फलकांच्या धातूच्या पेट्या वेगळ्या भूतारेने जोडतात. या भागात पावसाळा जोराचा असला, तरी बेसाल्ट खडकावरील मातीचा थर पुष्कळ ठिकाणी पातळ असून उन्हाळ्यात तो कोरडा पडतो. म्हणून भूसंपर्काचा रोध एप्रिल-मेमध्ये मोजावा. ऑगस्टमधील मापन फसवे ठरते. खडकामुळे अग्र खोल जात नसल्यास आडव्या पट्ट्या पुरतात किंवा अनेक अग्रे अंतरा-अंतराने पुरून एकमेकांस जोडतात.

आवारात जनित्र असल्यास धोका उलट दिशेने येतो. वीज गेलेली असताना जनित्र चुकीने वाहक पट्ट्यांना जोडले गेले, तर 22,000 व्होल्टचे रोहित्र दाब सु. 50 पट चढविते आणि बंद समजून तारमार्गावर काम करणाऱ्या तारतंत्र्याचा मृत्यू ओढवू शकतो. यास्तव महावितरणचा पुरवठा व जनित्र यांपैकी एकच एका वेळी जोडला जाईल असा, उदासीन तारही तोडणारा चार ध्रुवी बदल-स्विच मुख्य खंडक व वाहक पट्ट्या यांच्या दरम्यान बसवितात.

1956 च्या भारतीय विद्युत् नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या 2010 च्या व पुढे 2023 च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली आहे.