वाहन-संपर्क यंत्रणा, अंगभूत

मोटारवाहनाच्या बांधणीतच बसविलेली आणि वाहनाचे स्थान, वेग व यांत्रिक अवस्था यांविषयीची माहिती बिनतारी मार्गाने दूरच्या केंद्राकडे पाठविणारी यंत्रणा. मागाहून बसविलेले साधे स्थानदर्शक उपकरण मुख्यतः वाहन कोठे आहे एवढेच सांगते. अंगभूत यंत्रणा वाहनाच्या अंतर्गत संदेशजालाशी जोडलेली असल्याने एंजिनाचे तापमान, इंधनाची पातळी, ब्रेकचा वापर इत्यादींचीही नोंद करू शकते.

रचना व कार्य : उपग्रहांचे संकेत घेणारा ग्राही, संवेदक, सूक्ष्मप्रक्रियक आणि सिम कार्डाच्या आधारे भ्रमणध्वनी जालाशी संपर्क साधणारा प्रेषक हे तिचे मुख्य घटक होत. वाहनातील निरनिराळ्या नियंत्रकांना जोडणारे संदेशजाल बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये प्रथम मांडले. जेथे भ्रमणध्वनीचे संकेत पोहोचत नाहीत, तेथे माहिती साठवून ठेवून ती मागाहून पाठविता येते.

प्रसार : अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९६ मध्ये ‘ऑनस्टार’ ही सेवा सुरू केली. भारतात २०१९ मध्ये ह्युंदाई व्हेन्यू, एमजी हेक्टर इ. मोटारींमधून अशी यंत्रणा सामान्य ग्राहकापर्यंत आली. मालवाहतुकीतील तिची उपयुक्तता ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ व आसपासच्या गावांच्या गोदाम-पट्ट्यात विशेष जाणवते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर केवळ करासाठी राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही आणि मोठ्या गोदामांना महत्त्व आले. ट्रक केव्हा पोहोचेल हे आधी कळल्यास माल उतरविण्याचा धक्का व हमाल सज्ज ठेवता येतात. वाहतूकदारास इंधनाचा अपव्यय व रिकाम्या फेऱ्या यांवर लक्ष ठेवता येते.

नियमन : केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१६ मध्ये १२५-एच हा नियम घालण्यात आला. त्यानुसार सार्वजनिक सेवेच्या प्रवासी वाहनांना स्थानदर्शक उपकरण व आपत्कालीन कळ आवश्यक ठरली. दुचाकी, तीनचाकी व ई-रिक्षा यांना सूट मिळाली. नव्या वाहनांबाबत त्याची अंमलबजावणी १ जानेवारी २०१९ पासून झाली. उपकरणाची मानके ‘एआयएस १४०’ या संहितेत दिली आहेत. पुढे मालवाहू वाहनांच्या काही वर्गांनाही अशा तरतुदी लागू झाल्या. यूरोपीय संघात अपघातानंतर आपोआप मदत मागणारी यंत्रणा नव्या प्रकारच्या मोटारींना ३१ मार्च २०१८ पासून सक्तीची आहे.

माहितीवरील हक्क : वरील नियमांचा रोख उपकरण व सुरक्षितता यांवर आहे, जमा झालेली माहिती कोणाची, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. यूरोपीय संघाच्या १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कायद्याने वापरकर्त्यास स्वतःच्या वाहनाची माहिती मिळविण्याचा व ती दुरुस्तीकारासारख्या तिऱ्हाइतास देण्याचा हक्क दिला. भारतात २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम व त्याखालील २०२५ चे नियम व्यक्तीशी निगडित माहितीपुरते आहेत. एंजिनाची अवस्था ही वाहनाची माहिती असली, तरी थांबे व चालविण्याचे तास यांतून चालकाचा दिनक्रम उघड होतो. गोदामाबाहेर ट्रक किती वेळ ताटकळला, याची नोंदही तीतच असते. ती केवळ मालकाच्या व निर्मात्याच्या हाती राहिल्यास विलंबाचा दोष चालकावर येऊ शकतो. त्याला उपलब्ध झाल्यास तीच त्याचा पुरावा ठरते. म्हणून यंत्रणेच्या प्रसाराइतकेच तिच्या नोंदींच्या न्याय्य वाटपालाही महत्त्व आहे.