पापणी झुकली, तर ईसीजीही काढा

मुलगा हनुवटी उचलून बघतो, कपाळावर सतत आठ्या असतात. बाजूने कुणी हाक मारली की डोळे न फिरवता अख्खी मान वळवतो. घरच्यांना ती सवय वाटते. प्रत्यक्षात दोन्ही पापण्या खाली आलेल्या असतात आणि डोळे फिरवणारे स्नायू दुबळे झालेले असतात. हे इतकं सावकाश आणि दोन्हीकडे सारखंच घडतं की बहुतेकांना एकाचे दोन दिसत नाहीत, त्यामुळे तक्रारही होत नाही.

१९५८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या थॉमस केर्न्स आणि जॉर्ज सेयर यांनी असे दोन रुग्ण नोंदवले. डोळे फिरत नव्हते, दृष्टिपटल खराब झालेलं होतं आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नव्हता. डोळ्याचा आणि हृदयाचा दुवा सापडायला ३० वर्षं लागली. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा डीएनए असतो, १६,५६९ अक्षरांचा. अशा रुग्णांत त्याचा मोठा तुकडाच गळालेला निघाला. अनेकदा नेमकी ४,९७७ अक्षरं. एका पेशीत या डीएनएच्या चांगल्या आणि तुटक्या प्रती एकत्र नांदतात. तुटक्यांचं प्रमाण वाढलं की ज्यांना ऊर्जा जास्त लागते ते अवयव आधी खचतात: डोळ्यांचे स्नायू, हृदय, मेंदू, कान.

मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणून आजाराचा ठपकाही आईवर बसतो. तो अन्यायच आहे. त्या दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केर्न्स-सेयर आजारातली तूट बहुधा त्या मुलातच नव्याने झालेली असते. काही घराण्यांत पापण्या पिढ्यान्‌पिढ्या झुकतात. तिथे दोष बऱ्याचदा ‘पोलजी’सारख्या, पेशीच्या केंद्रकातल्या जनुकात असतो आणि तो वडिलांकडूनही येऊ शकतो.

निदानासाठी रक्ताच्या तपासणीवर विसंबून चालत नाही, कारण सतत नव्या होणाऱ्या रक्तपेशींतून तुटक्या प्रती गळून जातात. स्नायूचा बारीकसा तुकडा काढून रंगवला, की सूक्ष्मदर्शकाखाली काही तंतूंच्या कडा लालभडक, फाटल्यासारख्या दिसतात. तिथे निकामी मायटोकॉन्ड्रियांची दाटी झालेली असते.

मूळ दोष दुरुस्त करणारं औषध अजून नाही. पापणी शस्त्रक्रियेने उचलता येते, पण बेताने. जास्त उचलली तर झोपेत डोळा उघडा राहून बुबुळ कोरडं पडतं. शस्त्रक्रियेआधी ईसीजी हवाच. हृदयातल्या विद्युतसंदेशाचा अडथळा अचानक वाढून जीव जाऊ शकतो आणि वेळेवर बसवलेला पेसमेकर तो वाचवतो. पहिला ईसीजी चांगला आला तरी फाईल बंद करू नये, तो ठरावीक काळाने पुन्हा काढत राहावा.