वेशीवर काटे टाकणारी गावं वर्षभरात बिनधास्त का झाली? कोरोनातलं हे वागणं समजून घेण्यासारखं

24 मार्च 2020 च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि दोन-चार दिवसांत राज्यातल्या कित्येक गावांनी वेशी बंद केल्या. रस्त्यावर बाभळीच्या फांद्या, दगड आडवे पडले. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला घरात न घेता 14 दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं गेलं. त्यावेळी बहुतेक गावांत एकही रुग्ण नव्हता.

2021 च्या मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट गावागावात शिरली. तेव्हा मात्र मास्क हनुवटीवर आले होते. लोक अडाणी म्हणून असं झालं, असं म्हणणं सोपं आहे. पण कारणं वेगळी होती.

नुकसान दिसलं, आजार दिसला नाही

पहिल्या वर्षी भाजीपाला शेतात सडला, दुधाचे दर पडले, बाजार बंद राहिले. पण अनेक गावांत पेशंट काही दिसला नाही. त्यामुळे "कोरोना-बिरोना काय नाय" हे पारावर पक्कं झालं. जानेवारी 2021 मध्ये सुमारे 14 हजार ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. प्रचार, गुलाल, जेवणावळी, पाठोपाठ लग्नं. फेब्रुवारीत अमरावती, अकोल्याकडे रुग्ण वाढले, तरी इकडे ती लांबची बातमी वाटली.

भीती आजाराची नव्हे, तपासणीची

दुसऱ्या लाटेत लोक घाबरले नाहीत असं नाही. घाबरले, पण रिपोर्टला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घर अडकलं, मजुरी बुडाली, डेअरीला दूध घालायची पंचाईत, भावकीही दारात येईना. शिवाय "तिकडं नेलेला माणूस परत येत नाही" ही धास्ती.

म्हणून ताप आला की "टायफॉईड असंल" म्हणत सलाईन लावून दुखणं अंगावर काढलं गेलं. श्वास लागल्यावर दवाखान्याची धावपळ सुरू झाली. तोवर ऑक्सिजन खाली गेलेला. उशिरा गेलेला माणूस दगावला की अफवा खरी वाटायची आणि पुढचा पेशंट आणखी उशीर करायचा. या चक्रात अनेक घरांतली कर्ती माणसं गेली.

लशीचंही तसंच. लस घेतल्यावर येणारा ताप पाहून सुरुवातीला अनेकांनी केंद्राकडे पाठ फिरवली. मे महिन्यात मयती पाहून रांगा लागल्या, तेव्हा डोस पुरेनात.

जिथं जमलं, तिथं काय केलं?

अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) हिवरे बाजारने घरोघर तपासणी करून, रुग्ण लवकर शोधून मे 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त केलं. सोलापूर जिल्ह्यातल्या घाटणे गावाचंही नाव झालं. त्यानंतर सरकारने 'कोरोनामुक्त गाव' स्पर्धा काढली. प्रत्येक महसूल विभागात पहिलं बक्षीस 50 लाखांचं होतं. स्पर्धेत गावाने सर्वेक्षण, विलगीकरण, पेशंटला नेण्यासाठी वाहन, लसीकरण यासाठी आपलीच माणसं नेमायची होती. आशाताईंच्या जोडीला ओळखीचा माणूस दारात आला, की घरचे ताप लपवत नाहीत.

पुढच्या साथीसाठी

5 मे 2023 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. पण साथी येतच राहणार. "काळजी घ्या" असा नुसता भोंगा फिरवून लोक ऐकत नाहीत, हे दिसलंय. घरात पेशंट निघाला तर त्याच्या म्हशींची धार कोण काढणार, दूध कोण घालणार, मजुराच्या घरात किराणा कोण देणार, हे ग्रामसभेत आधीच ठरलेलं हवं. ते ठरलं तर तपासणीला माणूस आपणहून येईल.

आणि घरच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: ताप-खोकल्यात ऑक्सिजन मोजायचा. 94 च्या खाली आकडा गेला किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघत बसायचं नाही.