गोगलगाय, पोटात पाय आणि काकांचं गोणपाट

हैदराबादेतल्या आमच्या कॉलनीत गेल्या पावसाळ्यात गोगलगायींवर एकच सर्वमान्य उपाय होता. सकाळी उचलायच्या आणि भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटमध्ये भिरकावायच्या. मीही तेच करत होतो. एका रविवारी लेकीनं फेकण्याआधी सहा शंखांवर आईच्या गुलाबी नेलपॉलिशचे ठिपके दिले. गुरुवारी त्यातल्या दोघी परत आमच्या तुळशीवृंदावनाला चिकटलेल्या!

लेकीला त्याचा कोण आनंद. मला मात्र तिनं त्या उघड्या हातांनी धरल्याचं नंतर कळलं आणि पोटात गोळा आला. या गोगलगायींत उंदरांमधल्या एका कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. म्हणून हातमोजे घालायचे, हात साबणानं धुवायचे आणि बागेतली कोथिंबीर-पालक नीट धुऊनच खायचा. तेव्हापासून घरात हा नियम आहे.

ही आपली लहानपणीची गोगलगाय नव्हे. ही आफ्रिकन, मराठवाड्यात जिला शंखी गोगलगाय म्हणतात ती. आमचे तेलुगू शेजारी तिला नत्त म्हणतात. (कासवगतीला त्यांच्याकडे ‘नत्तनडक’ म्हणतात. आमच्या रस्त्याचं काम त्याच गतीनं चालू आहे.) मूळची ती पूर्व आफ्रिकेची. विल्यम बेन्सन या इंग्रज अभ्यासकानं १८४७ साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली आणि तिथल्या एका बागेत सोडली. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालते. १९६६ साली एका मुलानं हवाईहून मायामीला अशा तीन आणल्या आणि आजीनं त्या बागेत सोडल्या. काही वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर झाल्या. आम्ही रोज भिंतीपलीकडे पाच-दहा सोडत होतो!

कॉलनीतल्या कुणीतरी विषारी गोळ्या आणून टाकल्या. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींच्या कुत्र्याला झटके येऊ लागले. वेळेत डॉक्टरांकडे नेलं म्हणून तो वाचला. गोगलगायींच्या अशा बऱ्याच गोळ्यांत मेटाल्डिहाइड असतं आणि ते कुत्र्यांना फार घातक ठरतं. मिठाचा मारा केला तर माती जाते. मग उरला सापळा, आणि इंजिनिअर माणसाला तेवढं निमित्त पुरे.

मी प्लास्टिकचा क्रेट घेतला, त्याला पाइपचं तोंड बसवलं, आत पपईची सालं ठेवली. पपईच्या वासाकडे या गोगलगायी ओढल्या जातात. अमेरिकेतल्या संशोधकांनी तर त्या वासाचं कृत्रिम आमिषही तयार केलं आहे. वर जुन्या फोनचा कॅमेरा लावला, हालचाल झाली की मेसेज यावा म्हणून. पहिल्या रात्री मेसेजमागून मेसेज आले, आणि जवळजवळ सगळे झुरळांचे. गोगलगायी आल्या, पपई खाल्ली, छताला उलट्या चिकटून आल्या वाटेनं निघून गेल्या. पोटात पाय म्हणतात ते उगाच नाही.

हे उदगीरच्या काकांना सांगितलं तर ते हसतच सुटले. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर भागात या गोगलगायींनी सोयाबीनची उगवती रोपं फस्त केली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. काका म्हणाले, “गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजव, संध्याकाळी टाक, सकाळी उचल. कॅमेरा कशाला लागतोय रं?”

माझ्या क्रेटचा अपमान झाला होता, म्हणून रीतसर टेस्टिंग करायचं ठरवलं. क्रेट, कोरडं गोणपाट, साध्या पाण्यातलं आणि गुळाच्या पाण्यातलं, असे चार प्रकार. पहिल्या रात्री गुळाच्या गोणपाटाखाली एकोणीस, क्रेटमध्ये दोन. काका जिंकले असं वाटलं. पण गोणपाट गटाराजवळ भिंतीच्या सावलीत होतं आणि क्रेट मोकळ्या लॉनवर. ही तुलनाच चूक. मग रोज जागा बदलल्या, म्हणजे प्रत्येक सापळा प्रत्येक जागी तितक्याच रात्री आला. तेव्हा दिसलं की निम्मी करामत जागेची होती. गटाराकाठी क्रेटमध्येही सहा-सात सापडल्या. तरी ओल्या गोणपाटाची बरोबरी कधी झाली नाही. पावसाच्या रात्री गूळ आणि साधं पाणी यांत फारसा फरक नव्हता. कोरड्या रात्री गूळ थोडा पुढे, पण त्याला मुंग्या इतक्या लागत की उचलणं नकोसं होई.

मला वाटतं, मी सापळा चुकीचा समजत होतो. खायला तिला कॉलनीभर आहे. उन्हं चढायच्या आत ओली, अंधारी जागा मात्र हवी असते. गोणपाट तिला पकडत नाही, मुक्कामाला ठेवून घेतं. आणि त्यात काही मरत नाही, हा मोठा फायदा. एकदा खाली भला मोठा बेडूक निघाला, दोनदा आपल्याकडच्या छोट्या गोगलगायी. त्यांना तसंच सोडून दिलं. उरलेल्या मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाकायच्या आणि मग चुना घालून खोल पुरायच्या. (फ्रीजरमध्ये ठेवण्याचा एक कमी क्रूर मार्ग वाचला होता. आईनं वाक्य पुरं करू दिलं नाही.)

अंड्यांवर मात्र गोणपाटाचा उपयोग नाही. ती कुंडीतल्या मातीत, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पिवळसर पांढरी. नर्सरीतून आणलेल्या नव्या कुंडीतच आम्हाला असा एक पुंजका सापडला. आता नवं रोप आलं की आधी वर्तमानपत्रावर माती उपसून बघतो. हे काम आजींनी स्वतःकडे घेतलं आहे, कुत्रा शेजारी बसलेला असतो.

यंदा मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर बारा गोणपाटं टाकली. प्रत्येक मजल्याची पाळी लावली आणि भिंतीपलीकडे फेकणं बंद झालं. पहिल्या सकाळी चौदा मिळाल्या. गेल्या वर्षी एका गोणपाटाखालीच त्याहून जास्त होत्या. आकडा फोनवर काकांना सांगितला.

“चौदा?” काका म्हणाले. “आमच्याकडं एका सरीत निघतात तेवढ्या. बरं, गूळ कुठला वापरलास?”