वगळलेली ओळ

संगणकाचा प्रोग्रॅम एकदां लिहिला कीं काम संपलें, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो तीन ठिकाणीं नांदतो: लिहिणाराच्या टेबलावर, चाचणींत आणि प्रत्यक्ष व्यवहारांत; आणि तिन्ही ठिकाणीं त्याची वागणूक थोडी निराळी असावी लागते.

मानपाड्यांतील एखाद्या वाण्याचें उदाहरण घ्या. गिऱ्हाइकांना उधारीची आठवण फोनवर धाडणारा प्रोग्रॅम त्याच्यासाठीं कोणी लिहीत आहे. व्यवहारांत हा निरोप गेलाच पाहिजे. पण चाचणी करतांना गेला, तर कालच पैसे चुकते केलेल्या सभ्य गृहस्थाच्या दारीं नाहक तगादा उभा राहील.

हा प्रोग्रॅम एलिक्सिर भाषेंत आहे असें समजूं. ब्राझीलच्या जोसे वालीम यांनीं निर्मिलेल्या या भाषेची १.० आवृत्ति २०१४ सालीं निघाली. तिच्यांत प्रत्येक काम फलनाच्या रूपानें मांडतात. अशा फलनांचा गट तो मॉड्यूल. मिक्स नांवाच्या तिच्या साधनाला डेव्ह, टेस्ट व प्रॉड या तीन परिस्थिति ठाऊक असतात. ‘प्रॉड असेल तर हें फलन, नाहीं तर तें’ अशी अट फलनाबाहेर, मॉड्यूलच्या अंगांत लिहिली, तर कोडास चालण्याजोगें रूप देणारा कंपायलर तिचा निकाल तेव्हांच लावतो. न निवडलेलें फलन तयार मालांत उरतच नाहीं. तीच अट फलनाच्या पोटांत लिहिली, तर मिक्सला दर खेपेस विचारावें लागतें. आणि व्यवहारासाठीं बांधलेल्या गठ्ठ्यांत तें साधन सहसा नसतेंच. घरीं सुरळीत चालणारा प्रोग्रॅम दुकानांत कोसळतो तो यामुळें.

खरा धोका मात्र याहून सूक्ष्म आहे. वगळलेली ओळ चाचणींत कधीं चाललेलीच नसते. परीक्षा एकाची घ्यावी आणि कामावर दुसऱ्याला धाडावें, असाच हा प्रकार होय. म्हणून अशा अटी जागोजाग पेरूं नयेत. निरोप खरोखर धाडणारें एक व नुसती नोंद करणारें दुसरें, अशीं एकाच घाटाचीं दोन लहान मॉड्यूलें करावीं, दोन्ही सर्वत्र कंपाइल होऊं द्यावीं, आणि निवड सेटिंगच्या फाइलींत एकाच जागीं ठेवावी. २०२० सालच्या १.१० आवृत्तीपासून त्यासाठीं खास सोय आहे: कंपाइल करतांना वाचलेली सेटिंग पुढें बदललेली आढळली, तर तयार प्रोग्रॅम सुरू होतांनाच चूक दाखवून थांबतो.

एवढें करूनहि खरा निरोप धाडणारें मॉड्यूल एकदां स्वतःच्या फोनवर चालवून पाहावें. वाण्याच्या गिऱ्हाइकांवर तो प्रयोग करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.