पत्र्याच्या छताला गोधडी

नवरात्र उलटले, की माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे घरोघरी गोधड्या, रजया आणि दुलया उन्हात पडू लागतात. घरातील प्रत्येक माणसाच्या पांघरुणाची काळजी गृहिणी अशी आगाऊ घेते. परंतु खुद्द घराच्या पांघरुणाचा विचार क्वचितच होतो. ज्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एखादी खोली आहे, तेथे तर हा विचार अगत्याने व्हावयास हवा.

आपल्या पूर्वजांनी या प्रांतांत बांधलेल्या वाड्यांवर जाड माळवद असे. लाकडावर अंथरलेला तो मातीचा थर सावकाश तापे आणि सावकाश निवे. पुढे कुटुंबे वाढली, वाटण्या झाल्या, आणि गच्चीवर विटांच्या चार भिंती उभारून त्यांवर पन्हळी पत्रे टाकण्याची सोय रूढ झाली. परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा, नवविवाहित जोडपे, किंवा निवांतपणाच्या शोधात असलेले आजोबा यांच्या वाट्याला बहुधा ही खोली येते. जानेवारीत ग्वाल्हेरीस रात्रीचे तापमान सरासरी ७ अंशांच्या आसपास उतरते, इंदुरास १० अंशांच्या. काही रात्री तर त्याहूनही कडक निघतात. मग कोणीतरी पेटती शेगडी वर नेऊन ठेवतो, दार घट्ट लावून घेतो. आणि येथेच थंडीपेक्षा मोठे संकट खोलीत शिरते.

शेगडीचा घातक आधार

कोळसा किंवा गोवऱ्या जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवते. त्यामुळे शरीराला प्राणवायूचा पुरवठा हळूहळू बंद पडतो. झोपलेल्या माणसाला तर जागही येत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. धूर दिसेनासा होऊन निखारे लाल झाले, की शेगडी निर्धोक झाली, हा समज चुकीचा आहे. शेगडीच्या खोलीत कोणाचे डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर त्या व्यक्तीस प्रथम मोकळ्या हवेत न्यावे आणि विलंब न लावता रुग्णालयात पोहोचवावे.

शेगडी नको म्हणणे सोपे आहे. पण मग खोली उबदार राहावी कशी? याचे उत्तर अधिक जाळण्यात नसून, असलेली ऊब राखण्यात आहे.

ऊब जाते कोठे?

पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, आणि धातू तर उष्णतेचा उत्तम वाहक. खोलीतील उबदार हवा वर चढते, पत्र्याला भिडते आणि आपली उष्णता बाहेर सोडून देते. शिवाय निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करून बाहेरच्या हवेहूनही थंड होतो. आपले शरीर त्या थंड छताकडे सतत उष्णता टाकीत राहते. म्हणूनच हीटर लावूनही डोक्याशी गारवा जाणवतो. पहाटे पत्र्याला जो ‘घाम’ येतो आणि अंथरुणावर टपकतो, तो आपल्याच श्वासातील बाष्पाचा.

थोडा हिशेब करून पाहू. दहा फूट रुंद व बारा फूट लांब अशी खोली घेतली, तर छताचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर होते. बाहेर ६ अंश असताना आत १८ अंश राखावयाचे, तर नुसत्या पत्र्यातून सुमारे ९०० वॉट इतकी उष्णता निघून जाते. म्हणजे एक हजार वॉटचा हीटर जवळजवळ सगळा केवळ छतासाठीच जळतो. भिंती आणि खिडक्या निराळ्याच. पत्र्याखाली एक इंच थर्मोकोल बसविला, तर हा व्यय दीडशे वॉटच्या आसपास येतो, आणि दोन इंच बसविला तर शंभराच्या आत.

या आकड्यांत काटकसरीचे मर्म आहे. पहिला इंच सर्वांत जास्त बचत करतो. तेव्हा पैसे बेताचे असतील, तर अर्ध्या छताला दोन इंच लावण्यापेक्षा सगळ्या छताला एक इंच लावावा. उघडा राहिलेला भाग केलेल्या खर्चावर पाणी फिरवतो.

गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. तिच्या थरांत अडकून स्थिर राहिलेली हवा आपली ऊब राखते. थर्मोकोलही हेच करतो. त्यात सुमारे ९८ टक्के हवाच असते. उष्णता अडविण्याच्या बाबतीत त्याचा एक इंच हा साधारण दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतीची बरोबरी करतो.

काम कसे करावे

प्रथम गळती पाहावी. पत्र्यांचे जोड, हुक-बोल्ट आणि त्यांखालच्या चकत्या पावसाळ्यातच तपासून खुणा करून ठेवाव्यात, आणि दुरुस्ती झाल्यावाचून छत झाकू नये. झाकलेली गळती पुढे सापडत नाही.

दुसरे काम सांगाड्याचे. पत्र्याच्या खाली चार ते सहा इंच पोकळी राहील अशा बेताने लाकडी पट्ट्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेले हलके चॅनल बसवावेत. त्यांचा भार भिंतींवर आणि छताच्या लोखंडी पाइपांवर असावा, पत्र्यावर नको. थर्मोकोल अगदी हलका असतो. परंतु त्याखालच्या जिप्समच्या तक्त्यांचे वजन एवढ्या खोलीत शंभर किलोच्या घरात जाते, हे कारागिरास आधीच सांगावे.

थर्मोकोलचे तक्ते बहुधा एक मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असतात. आपल्या खोलीला कापाकापी धरून एका थरास पंचवीस तक्ते पुरतील. आग लवकर न धरणारा प्रकार मागून घ्यावा. दोन थर असतील, तर खालच्या थराचे सांधे वरच्या तक्त्यांच्या मध्यावर येऊ द्यावेत. थर्मोकोलच्या खालच्या, म्हणजे खोलीकडील अंगास प्लास्टिकचा अखंड कागद लावून त्याचे जोड चिकटपट्टीने बंद करावेत; त्यामुळे श्वासाचे बाष्प वर जाऊन पत्र्याला भिडत नाही. वरच्या पोकळीची दोन्ही टोके मात्र बाहेरच्या बाजूस थोडी मोकळी ठेवून त्यांना बारीक जाळी लावावी. ओल निघून जाते, आणि उंदीर-चिमण्यांना मज्जाव होतो.

शेवटी जिप्समचे तक्ते. हा खर्च वाचविण्याचा मोह आवरावा. उघडा थर्मोकोल पेट घेतो, वितळून खाली ठिबकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. विजेच्या तारांना त्याचा स्पर्श होऊ देऊ नये. तारेवरील प्लास्टिक त्यामुळे कालांतराने कडक होऊन तडकते. तारा नळीतूनच न्याव्यात. पेंढा किंवा पोती भरण्याचा उपाय स्वस्त खरा. पण तो उंदरांना आणि आगीला आमंत्रण देतो.

भिंत आणि पन्हळी पत्रा यांमधील अर्धगोल फटी खोलीच्या बाजूने बुजवाव्यात. तथापि माणसांच्या श्वासोच्छ्वासासाठी एक झरोका उघडा असलाच पाहिजे. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: खोली जितकी बंदिस्त, तितकी शेगडी अधिक घातक. छताचे काम झाल्यावर शेगडीला त्या खोलीत प्रवेश नाही. विजेचा हीटर वापरावा. तो भिंतीतील जाड पिनेच्या सॉकेटवर लावावा, आणि अंथरुणापासून तीन फूट दूर ठेवावा.

छत सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे असेल, तर त्यात ऍस्बेस्टॉस असण्याचा मोठा संभव आहे. असे पत्रे कापणे, घासणे किंवा त्यांना भोके पाडणे कटाक्षाने टाळावे. त्यातून उडणारे सूक्ष्म तंतू फुप्फुसांत जाऊन वर्षांनंतर कर्करोगासारखे विकार उत्पन्न करतात. तेथे सांगाडा फक्त भिंतींना आणि पाइपांना धरून उभारावा.

भाड्याच्या घरात

जेथे छताला हात लावता येत नाही, तेथे पलंगावरची जुनी चांदणी आठवावी. मच्छरदाणीच्या दांड्यांवर जाड सुती कापड किंवा जुनी चादर ताणून बांधली, की शरीर आणि थंड पत्रा यांच्यामध्ये आडोसा उभा राहतो, आणि पहाटेचे थेंबही अंगावर पडत नाहीत. उदबत्ती, दिवा किंवा हीटर तिच्याजवळ नसावा, एवढेच पथ्य.

बडोद्याच्या किंवा गोव्याच्या वाचकांना वाटेल, की आमच्याकडे एवढी थंडी कोठली! त्यांनी हेच काम वैशाखासाठी करावे. जो थर माघात ऊब बाहेर जाऊ देत नाही, तोच वैशाखात तापलेल्या पत्र्याची झळ खाली येऊ देत नाही. एकदाच केलेला खर्च अशा रीतीने दोन्ही ऋतूंत फळास येतो.

यंदा दिवाळीच्या साफसफाईसाठी शिडी काढाल, तेव्हा गच्चीवरच्या खोलीचे छतही एकदा निरखून पाहावे आणि मापे घेऊन ठेवावीत. आजोबांसाठी नवी रजई घेण्याआधी त्यांच्या डोक्यावरच्या पत्र्याला गोधडी मिळाली, तर शेगडी वर नेण्याची वेळच येणार नाही.